फीट मेंदूत कुठून सुटली, हे घरी कसं टिपावं

फीट आली की घरच्यांच्या लक्षात राहतो तो तोंडाचा फेस आणि हातापायांचे झटके. जागा शोधायला त्यांचा उपयोग सगळ्यात कमी, कारण तोवर मेंदूतली विजेची खळबळ दोन्ही बाजूंना पसरलेली असते. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाताना हवी ती पहिल्या दहा सेकंदांची हकिकत.

आधी माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८.

दुसऱ्याने मोबाईल धरावा. चादर काढा, दिवा लावा, डोक्यापासून पावलांपर्यंत सगळं दिसू दे. सेल्फी कॅमेरा नको, त्यात काही फोनवर डावं-उजवं उलटतं. "त्याचा उजवा हात" असं मोठ्याने बोला. घरात जी भाषा चालते तिच्यातच विचारा, कोंकणी असेल तर "तुजें नांव कितें?" एक शब्द द्या, समजा "बांगडो", आणि शुद्धीवर आल्यावर तो आठवतो का ते पाहा.

मेंदूतली हालचालीची पट्टी कपाळाच्या खंडाच्या (कपाळामागच्या भागाच्या) मागच्या कडेला असते आणि ती विरुद्ध बाजूचं अंग हलवते. अंगठा आणि ओठ यांना तिच्यात मोठी जागा आहे, म्हणून झटके बरेचदा तिथूनच सुरू होतात आणि मनगट, कोपर, चेहरा असे चढतात. हा क्रम नोंदवा. पायाची जागा दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत आहे.

कानशिलाच्या खंडातली फीट वेगळी. पोटातून काहीतरी वर चढतं, अकारण भीती वाटते (अमिग्डाला, मेंदूतला भीतीशी जोडलेला भाग), किंवा हे आधी घडलंय असं वाटतं. मग माणूस टक लावतो, ओठ चाटतो, सदरा चाचपतो. चाचपणारा हात बहुधा मेंदूत फीट सुटली त्याच बाजूचा, आणि वाकडा ताठ झालेला हात विरुद्ध बाजूचा. एक-दोन मिनिटांनी थांबतं, पण गोंधळ बराच वेळ टिकतो.

झोपेत किंचाळणं, सायकल मारल्यासारखे पाय, अर्ध्या मिनिटात खलास, लगेच जाग, एकाच रात्री अनेकदा: इथे कपाळाच्या खंडाचा संशय घ्यावा. याला बाधा समजून गाऱ्हाणी घालण्यात महिने जातात. ईईजीही (मेंदूतल्या विजेचा आलेखही) कधी साफ येतो, कारण या खंडाचा बराच भाग इलेक्ट्रोडपासून दूर, खोल आहे.

डोक्याच्या मागच्या खंडातून एका बाजूला रंगीत गोल दिसतात, तेही काही सेकंदांत. मायग्रेनच्या नागमोडी रेषा मिनिटामिनिटाने पसरतात.

थांबल्यावरही रेकॉर्डिंग चालू ठेवा. दोन्ही हात वर करायला सांगा. एक हात लुळा पडला असेल तर तो किती वेळ ते लिहा. याला टॉडचा लुळेपणा म्हणतात, फीटनंतरचा, सहसा काही तासांत जातो. पहिल्यांदाच असं झालं तर मात्र पक्षाघात नाही ना, हे ताबडतोब तपासून घ्या. किल्ली दाखवून नाव विचारा. समजतं पण शब्द सुचत नाही, तर भाषेची बाजू, बहुतेकांत डावी.

एवढ्यावरून जागा पक्की होत नाही. फीट मुक्या भागात (जिथून काही लक्षण दिसत नाही) सुरू होऊन शेजारी पोचल्यावरच लक्षण दिसू शकतं. म्हणून एमआरआय करायचा तर "एपिलेप्सी प्रोटोकॉल"ने (फीटसाठीच्या खास पद्धतीने) होणार का, ते आधी विचारा. साध्या, जाड कापांच्या तपासणीत हिप्पोकॅम्पसचा (कानशिलाच्या खंडातल्या आठवणींच्या भागाचा) व्रण निसटू शकतो.