लायसन्स निलंबित झाल्यावर अपील नेमके कुठे करावे

वाहन चालवण्याचे लायसन्स निलंबित झाले की लोक अपिलाचा मसुदा शोधू लागतात. मसुदा ही त्यातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. प्रकरणे फसतात ती अपील चुकीच्या ठिकाणी दाखल केल्यामुळे, कारण तोपर्यंत मुदत उलटून गेलेली असते.

प्रथम आदेशाची सही-शिक्क्याची प्रत मिळवा आणि ती हाती आल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा.

आता आदेशाखाली सही कोणाची आहे आणि आदेशात कोणते कलम नमूद आहे, हे पाहा. मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार चालकाला लायसन्स बाळगण्यास अपात्र ठरवण्याचा, म्हणजे व्यवहारात लायसन्स निलंबित करण्याचा, अधिकार दोघांना आहे: कलम 19 खाली लायसन्स प्राधिकाऱ्याला, म्हणजे आपल्या भाषेत आरटीओला, आणि कलम 20 खाली गुन्हा शाबीत करणाऱ्या न्यायालयाला. अपिलाची वाट या एका गोष्टीवर ठरते. तुमच्यावर झालेला अन्याय किती मोठा आहे, यावर ती ठरत नाही.

आदेश आरटीओचा असेल तर पहिले अपील कोणत्याही न्यायालयात होत नाही. कलम 19(3) नुसार ते राज्याच्या नियमांनी विहित केलेल्या अपील प्राधिकाऱ्याकडे, आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत करावे लागते. महाराष्ट्रात त्यासाठी महाराष्ट्र मोटार वाहन नियम, 1989 पाहावेत. त्या प्राधिकाऱ्याचे पदनाम आदेशात दिलेले नसेल तर त्याच कार्यालयाकडे लेखी विचारणा करा आणि अर्जाची पोच घ्या. खिडकीवर तोंडी मिळालेल्या उत्तरावर विसंबू नका. या उपकलमात विलंब माफ करण्याची तरतूद लिहिलेली नाही, त्यामुळे तीस दिवस म्हणजे तीसच दिवस असे धरून चाला. ‘राज्य परिवहन अपील न्यायाधिकरणात जा’ हा सल्ला मी वारंवार ऐकतो आणि तो चुकीचा आहे, कारण कलम 89 खालचे ते न्यायाधिकरण वाहनांच्या परमिटचे वाद ऐकते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा तर या विषयाशी काहीही संबंध नाही.

पोलिसांनी रस्त्यावर लायसन्स जप्त केले, एवढ्याने ते निलंबित होत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 206(4) नुसार मद्यपान करून किंवा धोकादायकपणे वाहन चालवणे, दुचाकीवर तिघे बसणे, हेल्मेट न घालणे अशा प्रकरणांत पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन लायसन्स प्राधिकाऱ्याकडे पाठवतात. निर्णय त्या प्राधिकाऱ्याने, चालकाचे म्हणणे ऐकून आणि कारणे लेखी नोंदवून द्यायचा असतो. कलकत्ता उच्च न्यायालयानेही 2022 मध्ये, पोलिसांना लायसन्स निलंबित करण्याचा अधिकार नाही, असे स्पष्ट केले. आदेशच नसेल तर अपील कशाविरुद्ध करणार? या टप्प्यावर नोटिशीला लेखी उत्तर द्या आणि सुनावणीला स्वतः हजर राहा.

आदेश न्यायालयाचा असेल तर अपील सत्र न्यायालयात होते, आणि तेही तुमच्या राहत्या जिल्ह्यातील नव्हे, तर शिक्षा देणारे दंडाधिकारी न्यायालय ज्या जिल्ह्यात आहे तेथील. मुदत कायद्यानुसार (लिमिटेशन ॲक्ट) येथेही तीस दिवसच मिळतात. मात्र समाधानकारक कारण दाखवून विलंबमाफी मागता येते. गुन्हा कबूल करून दंड भरलेल्यांना ‘आता काही करता येणार नाही’ असे सर्रास सांगितले जाते, परंतु कलम 20(5) नेमके याच्या उलट सांगते: दोषसिद्धीविरुद्ध अपील होत नसले, तरी ज्या न्यायालयाकडे एरवी अपील गेले असते ते न्यायालय अपात्रतेचा आदेश रद्द करू शकते किंवा त्यात बदल करू शकते. अर्जात हे उपकलम ठळकपणे नमूद करा.

मद्यपान करून वाहन चालवण्याच्या प्रकरणात दोन्ही आदेश एकत्र येऊ शकतात: पहिल्याच गुन्ह्यासाठी आरटीओकडून कलम 19(1अ) खाली तीन महिन्यांचा आणि दोषसिद्धीनंतर न्यायालयाकडून कलम 20(2) खाली किमान सहा महिन्यांचा. अशा वेळी दोन स्वतंत्र अपिले करावी लागतात. सत्र न्यायालयातील आदेश दाखवून आरटीओचा आदेश आपोआप रद्द होईल, या आशेवर राहू नका.

अपिलात सुनावणी न देणे आणि कारणे न नोंदवणे हे मुद्दे आधी घ्या. घरची अडचण नंतर. स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी जोडा, कारण तीन महिन्यांचे निलंबन अपिलाची तारीख लागेपर्यंतच संपून जाऊ शकते.

कलम 19(3) खालील अपील प्राधिकाऱ्याचा निर्णय कायद्याने अंतिम असतो. त्यानंतर उरते ती उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 किंवा 227 खालील याचिका. तेथे पुराव्याची फेरतपासणी सहसा होत नाही. अधिकारकक्षा आणि कार्यपद्धतीतील दोष पाहिले जातात. अपील टाळून थेट तिकडे गेल्यास, पर्यायी उपाय उपलब्ध असल्याचे सांगून बहुधा परत पाठवले जाते. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील प्रकरणांसाठी ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) आहे, हे मुंबईला निघण्यापूर्वी लक्षात घ्या.

स्थगिती मिळेपर्यंत वाहन चालवू नका. अपील दाखल केल्याची पोच खिशात असली तरी अपात्रता कायम असते, आणि त्या काळात वाहन चालवल्यास कलम 182 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.