ग्रुपने दुर्मिळ शिकारी पक्षी बघायला जाताना

सगळ्यात आधी वेळेचं बोलू. बाकी बर्डिंगला आपण उजाडायच्या आत पोचतो, तीच सवय रॅप्टरना, म्हणजे शिकारी पक्ष्यांना पण लावली की पहिले दोन तास आभाळ रिकामं दिसतं आणि नवीन लोकं कंटाळतात. गरुड, गिधाडं यांना घिरट्या घालायला थर्मल लागतात, म्हणजे जमीन तापली की वर चढणारी गरम हवा, आणि ती ऊन चांगलं वर आल्याशिवाय तयार होत नाही, म्हणून साधारण नऊ ते दुपारपर्यंतचा वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवा. लवकर पोचलातच तर वाळकी झाडं, विजेचे खांब, कड्याच्या कपारी बायनोने, म्हणजे दुर्बिणीने बघत बसा, सकाळी हे पक्षी तिथेच बसलेले असतात.

ग्रुप सहा-आठ जणांचा बास. जागा उंच आणि उघडी निवडा आणि मग तिथून हलू नका, हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं. फिरत राहिलं की पक्षी आपल्याला आधी बघतो. आभाळ वाटून घ्या, प्रत्येकाला एक तुकडा, आणि दर वीस मिनिटांनी तुकडे बदला कारण डोळे थकतात. नुसत्या डोळ्यांनी निळ्या आभाळात लांबचा ठिपका दिसतच नाही, त्यामुळे बायनो लांबच्या डोंगरावर किंवा ढगाच्या कडेवर फोकस करून घ्या आणि डोंगरधारेच्या थोडं वर सावकाश सरकवत न्या. ८x४२ चा (आठपट मोठं दाखवणारा, ४२ मिमी भिंगाचा) बायनो पुरतो, स्कोप, म्हणजे स्टँडवरची मोठी दुर्बीण, ग्रुपमध्ये एक असला तरी चालतं.

"तो बघ, तिकडे" म्हणून काही उपयोग नाही, कोणालाच काही सापडत नाही. पोचल्यावर पाच मिनिटं देऊन खुणा ठरवा, समोरचा टॉवर म्हणजे बारा वाजले, एकटं झाड म्हणजे दोन, मग "दोनच्या वर, चार बोटं उंच, डावीकडे चाललाय" एवढं म्हटलं की सगळ्यांचे बायनो तिथे जातात.

आता ओळखीचं. माझं कळकळीचं सांगणं आहे की नाव आधी घेऊ नका. आमच्या एका ट्रिपला सगळ्यात अनुभवी माणसाने एका गरुडाचं नाव पटकन घेतलं आणि आम्ही सगळ्यांनी तेच लिहिलं, घरी फोटो मोठे करून बघितले तर तो दुसऱ्याच जातीचा अल्पवयीन पक्षी निघाला. मोठ्या गरुडांना पूर्ण पिसारा यायला पाचेक वर्षं लागतात, तोवर दरवर्षी रंग बदलत असतो. तेव्हा आधी जे दिसतंय ते मोठ्याने बोला, शेपटी केवढी, पंख सपाट की इंग्रजी व्हीसारखे वर उचललेले, टोकाला बोटांसारखी सुटी पिसं किती, आणि मग चर्चा. फोटो काढताना एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट घ्या, नाहीतर पोटाकडची सगळी खूण काळी येते.

आणि नेहमीची घार अगदी पाठ करून घ्या. तिची शेपटी दुभंगलेली असते पण पूर्ण पसरली की सरळ दिसते, तिथे भलेभले फसतात. घार पक्की झाली की वेगळं काही आलं तर लगेच खटकतं. कावळे, कोतवाल अचानक कोणाच्या मागे लागले, किंवा कबुतरांचा थवा एकदम उधळला की सगळं सोडून तिकडे बघा, बहिरी ससाणा सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो, त्याला शोधत बसलात तर तो निघून गेलेला असतो.

घरट्याजवळ मात्र अजिबात जायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. आई-बाप उठून गेले की अंडी, पिल्लं उन्हात उघडी पडतात. घरट्याचं लोकेशन ग्रुपवर टाकू नका, आणि फोटो पाठवायच्या आधी त्यातलं जीपीएस बंद आहे ना ते बघा.

संध्याकाळ ठेवा हॅरियरसाठी, म्हणजे आपल्या भोवत्यांसाठी. थंडीत ते माळावर उंच गवतात जमिनीवरच एकत्र मुक्काम करतात, एकाच ठिकाणी दोन-तीन जाती पण असतात. सूर्यास्ताच्या तासभर आधी गवताच्या बाहेर, लांब बसा, गाडी असेल तर गाडीतच, कारण गाडीला ते तेवढे बिचकत नाहीत पण माणूस खाली उतरला की उठतात. एकाने फक्त मोजायचं, एकाने लिहायचं. शेवटचा उतरल्यावर पूर्ण अंधार पडेपर्यंत तसंच बसून रहा आणि मग दारं न आपटता निघा.