गावचा प्रश्न लोकसभेत मांडला जावा यासाठी खासदारांकडे काय घेऊन जावे

महाराष्ट्रातून लोकसभेवर 48 आणि गोव्यातून 2 खासदार निवडून जातात. त्यांच्या संपर्क कार्यालयात रोज निवेदनांचा गठ्ठा जमतो, पण त्यातली फार थोडी निवेदने संसदेत उपयोगी पडतील अशा स्वरूपात लिहिलेली असतात. रद्द झालेला गाडीचा थांबा, टपाल कार्यालयातले वारंवार बंद पडणारे बचत खात्याचे काम, राष्ट्रीय महामार्गाचे रखडलेले चौपदरीकरण किंवा भविष्य निर्वाह निधीची अडकलेली रक्कम हे विषय किरकोळ नाहीत. ते सभागृहात पोहोचत नाहीत याला खासदारांची अनास्था कधी कारणीभूत असते, हे खरे. पण मागणी नेमकी नसणे हेही तितकेच मोठे कारण आहे, आणि ते दूर करणे आपल्या हातात आहे.

प्रथम विषय कोणाच्या अखत्यारीतला आहे ते तपासावे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार रेल्वे, टपाल, दूरसंचार, बँका, पारपत्र आणि राष्ट्रीय महामार्ग हे केंद्राचे विषय आहेत. पोलीस, ग्रामीण रुग्णालय, नळपाणी योजना आणि एसटीच्या फेऱ्या यांची जबाबदारी राज्याची असल्यामुळे त्यासाठी आमदारांकडे जावे. विधानसभेत तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न) आणि लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना) ही साधने त्यांच्याकडे आहेत. काही विषय दोन्हीकडचे असतात. कांदा पिकवणाऱ्याच्या बाजार समितीचा कारभार राज्याच्या कायद्याने चालतो, पण 8 डिसेंबर 2023 रोजी निर्यातबंदी लागू झाली ती केंद्राच्या आदेशाने, आणि म्हणून त्याविरुद्धचा आवाज दिल्लीतच उठवावा लागला. अशा वेळी निवेदनात फक्त केंद्राचा भाग ठेवावा. राज्याचा भाग मिसळला की संबंधित मंत्रालयाला हात झटकायला जागा मिळते.

त्यानंतर कोणत्या मार्गाने विषय मांडावा हे खासदारांच्या स्वीय सहायकांशी बोलून ठरवावे. नागरिक बहुधा शून्य प्रहराचा, म्हणजे प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे विषय मांडण्यासाठी मिळणाऱ्या वेळेचा, आग्रह धरतात, कारण तेवढी चित्रफीत सगळीकडे फिरते. तातडीच्या घटनेसाठी तो मार्ग योग्य आहे. परंतु तिथे बोलायला अगदी थोडा वेळ मिळतो आणि मंत्र्यांनी लगेच उत्तर द्यावे असे बंधन नसते. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांतील नियम 377 अन्वये मांडलेला विषय त्या मानाने टिकाऊ ठरतो. त्यासाठी खासदारांना सुमारे 250 शब्दांचा मजकूर आधी द्यावा लागतो, एका सदस्याला आठवड्यातून एकच विषय मांडता येतो, आणि मंत्रालयाने त्याचे लेखी उत्तर खासदारांना पाठवणे अपेक्षित असते. राज्यसभेत यासारखाच विशेष उल्लेखाचा मार्ग आहे. आपले खासदार केंद्रात मंत्री असतील, तर ते स्वतः प्रश्न विचारत नाहीत. तेव्हा शेजारच्या मतदारसंघातल्या किंवा महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या 19 पैकी एखाद्या सदस्याला विनंती करावी.

माझ्या मते रोजच्या गैरसोयींसाठी सर्वांत उपयोगी साधन म्हणजे अतारांकित प्रश्न. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न असतात. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतो, पण प्रश्नोत्तराच्या तासाभरात त्यांतले थोडेच प्रश्न पुकारले जातात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते, पटलावर ठेवले जाते आणि कायमचे नोंदीत राहते. प्रश्नाची सूचना किमान 15 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि क्रम सोडतीने ठरतो. म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर निवेदन घेऊन धावण्यात अर्थ नाही. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी या प्रत्येक अधिवेशनाच्या महिनाभर आधी कागद कार्यालयात पोहोचलेला असावा.

आता कागद कसा असावा ते पाहू. एका प्रवासी संघटनेला आपल्या स्थानकावरचा एक्स्प्रेस गाडीचा थांबा परत हवा आहे, असे धरू. नेहमीच्या निवेदनात लिहिलेले असते की, ‘रेल्वे प्रशासनाच्या मनमानी कारभारामुळे प्रवाशांचे अतोनात हाल होत असून तातडीने न्याय मिळावा.’ यातल्या प्रत्येक शब्दामागची तळमळ खरी आहे, पण यातून प्रश्न तयार होत नाही. लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्नात युक्तिवाद, आरोप, अनुमान किंवा विशेषणे चालत नाहीत, प्रश्न 150 शब्दांपेक्षा मोठा नसावा, आणि न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणाविषयी विचारता येत नाही. तोच विषय असा मांडावा:

(क) अमुक क्रमांकाच्या गाडीचा अमुक स्थानकावरील थांबा 2020 नंतर बंद करण्यात आला आहे काय;

(ख) असल्यास, त्याची कारणे काय आहेत, आणि बंद करण्यापूर्वीच्या 3 वर्षांत त्या स्थानकावरून या गाडीची वर्षनिहाय किती तिकिटे विकली गेली;

(ग) हा थांबा पूर्ववत करण्याबाबत लोकप्रतिनिधी व प्रवासी संघटनांकडून निवेदने प्राप्त झाली आहेत काय, आणि त्यांवर कोणती कार्यवाही झाली;

(घ) थांबा कोणत्या मुदतीत पूर्ववत केला जाईल?

यातला (ख) भाग सर्वांत मोलाचा आहे. थांब्यांच्या प्रश्नांवर रेल्वे मंत्रालयाचे ठरीव उत्तर असते की, थांबे देणे ही निरंतर प्रक्रिया असून ती प्रवासी संख्या, परिचालनातील सोय आणि व्यावसायिक समर्थनीयता यांवर अवलंबून असते. आकडे आधीच मागितलेले असले की एवढ्यावर भागत नाही. सोबत एक पानाचे टिपण द्यावे. त्यात थांबा बंद झाल्याची तारीख, लगतच्या थांब्याचे अंतर, गाडीवर अवलंबून असलेल्या शाळा-महाविद्यालये व दवाखान्यांची माहिती आणि विभागीय रेल्वे व्यवस्थापकांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती असाव्यात. संसदेच्या संकेतस्थळावर पूर्वीची प्रश्नोत्तरे वाचायला मिळतात. आपल्या विषयावर आधी कोणी काय विचारले आणि काय उत्तर मिळाले ते शोधून त्या प्रश्नाचा क्रमांक व दिनांक टिपणात द्यावा, कारण उत्तर मिळालेला प्रश्न जसाच्या तसा पुन्हा विचारता येत नाही. प्रश्न हिंदी किंवा इंग्रजीत द्यायचा असल्याने मराठी मसुद्याबरोबर भाषांतरही जोडावे; कार्यालयातल्या माणसाचा वेळ वाचला की कागद पुढे सरकतो.

शेकडो लोकांची एकत्र मागणी असेल, तर लोकसभेच्या याचिका समितीकडेही जाता येते. याचिका सभागृहाला उद्देशून, संयत भाषेत लिहिलेली असावी, तीवर सह्या करणाऱ्यांची पूर्ण नावे व पत्ते असावेत आणि ती सादर करणाऱ्या खासदारांची प्रतिस्वाक्षरी असावी. मराठीत लिहिलेल्या याचिकेला हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते.

एक गोष्ट येथे स्पष्टपणे सांगितली पाहिजे. प्रश्न विचारण्यासाठी कोणालाही, कोणत्याही नावाखाली पैसे किंवा भेटवस्तू देऊ नये. प्रश्नांसाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात डिसेंबर 2005 मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून 11 सदस्य बडतर्फ झाले होते. मध्यस्थ ‘दिल्लीतला खर्च’ मागू लागला, तर तिथेच थांबावे आणि थेट खासदारांना भेटावे.

पाठपुरावा मात्र वर्षानुवर्षे करावा लागतो. कोकण रेल्वेची मागणी बॅरिस्टर नाथ पै यांनी लावून धरली, त्यांच्यानंतर 1971 पासून राजापूरचे प्रतिनिधित्व करणारे मधु दंडवते यांनी ती चालू ठेवली, आणि रोहा ते मंगळूर हा सलग मार्ग 26 जानेवारी 1998 रोजी खुला झाला. थांब्यासाठी एवढी वर्षे लागू नयेत, पण एका उत्तरावर काम संपत नाही. उत्तर हाती आले की त्यातले ‘विचाराधीन आहे’ किंवा ‘तपासून पाहू’ यांसारखे शब्द अधोरेखित करावेत. अशी विधाने आश्वासन म्हणून नोंदली गेली, तर ती 3 महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते आणि शासकीय आश्वासन समिती त्यांचा आढावा घेते. मुदत उलटल्यास खासदारांमार्फत समितीला कळवावे, आणि उत्तराची प्रत प्रश्न क्रमांकासह विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना पाठवून पोच घ्यावी.