सर्व्हर आणि अ‍ॅपमधला डेटा : फॉरमॅट निवडताना आधी काय बघायचं

दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आमच्या कोल्हापूरच्या ऑफिसात नवीन आलेलं पोरगं पहिल्याच आठवड्यात विचारतं, "दादा, जेसन कशाला? प्रोटोबफ घेऊया की, फास्ट असतंय." जेसन आणि प्रोटोबफ हे डेटा पाठवायचे दोन फॉरमॅट: जेसन म्हणजे वाचता येणारा मजकूर, प्रोटोबफ म्हणजे आटोपशीर बायनरी. प्रोटोबफ फास्ट असतं, हे खरंच आहे. पण मी आधी दोन गोष्टी विचारायला लावतो: हा डेटा वाचणार कोण, आणि त्याच्याकडचं अ‍ॅप अपडेट करणं आपल्या हातात आहे का?

शाहूवाडी किंवा राधानगरीच्या आतल्या वाडीवरची संस्था डोळ्यासमोर आणा. सकाळचं संकलन चालू आहे, रांग लागलीय, सचिवांच्या मोबाईलची रेंज येते-जाते. एका नोंदीत सभासद क्रमांक, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) आणि दर. जेसनमध्ये प्रत्येक नोंदीबरोबर रकान्याचं नावही जातं. रोमन लिपीतलं तीन अक्षरी 'फॅट', त्याची अवतरणचिन्हं, कोलन आणि ३.५ हा आकडा मिळून ९ बाइट होतात. प्रोटोबफमध्ये नावाऐवजी रकान्याचा नंबर जातो. फॅट दहापट करून ३५ असा पूर्णांक पाठवला, तर २ बाइटमध्ये काम होतं.

फरक मोठा दिसतो. पण सकाळच्या सगळ्या नोंदी एकत्र पाठवताना तीच नावं पुन्हा पुन्हा येतात, आणि अशा मजकुरावर जीझिप (डेटा दाबून लहान करायची पद्धत) चांगलं चालतं. म्हणून आधी जीझिप चालू करा, मग मोजा.

मराठी नावांचं गणित वेगळं. 'कोल्हापूर' यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) २७ बाइट घेतं, जेसनमध्येही आणि प्रोटोबफमध्येही. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं जेसन मॉड्यूल मात्र मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराचा आणि मात्रेचा सहा-सहा चिन्हांचा कोड करून टाकतं, म्हणजे त्याच शब्दाचे ५४. ते एका सेटिंगने बंद होतं. २०१७ च्या आरएफसी ८२५९ या जेसनच्या मानकानुसार वेगवेगळ्या सिस्टिममध्ये जाणारं जेसन यूटीएफ-८ मध्येच असायला हवं, त्यामुळे देवनागरी सरळ पाठवायला हरकत नाही.

माझ्या मते खरी कसोटी पुढे आहे. फॅट 'शून्य' आणि फॅट 'तपासलाच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शेतकऱ्याचं बिल त्यावर ठरतं. जेसनमध्ये रकाना गाळता येतो किंवा नल (म्हणजे 'किंमत नाही') पाठवता येतो. दोन्हींचा अर्थ काय, हे मात्र आपणच लिहून ठेवावं लागतं. प्रोटोबफच्या तिसऱ्या आवृत्तीत साधा अंकाचा रकाना न भरता पाठवला, की पलीकडे तो ० म्हणून वाचला जातो. भरला होता की नाही हे कळायला हवं असेल, तर तो स्पष्टपणे ऑप्शनल करावा लागतो. हे ठरवल्याशिवाय कोडला हात लावू नका. नमुन्याची एक फाइल बनवा, त्यात एक नोंद तपासणी न झालेल्या दुधाची ठेवा, आणि सर्व्हरवाला, अ‍ॅपवाला दोघांकडून मान्य करून घ्या.

रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात पाठवा. बँक खाते क्रमांक ही स्ट्रिंगच, म्हणजे आकडा नव्हे, मजकूर. जेसनच्या आकड्यात सुरुवातीचं शून्य चालतच नाही.

जुनी अ‍ॅप वर्षानुवर्षं चालू राहतात. त्यामुळे नवीन रकाना वाढवा, जुन्याचा अर्थ बदलू नका. प्रोटोबफमध्ये काढलेल्या रकान्याचा नंबर दुसऱ्याला कधीच देऊ नका. तो रिझर्व्ह्ड (राखीव) म्हणून नोंदवा.

काही ठिकाणी निवड आपली नसतेच. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर टाकायला बऱ्याचदा एक्सएमएल हा मजकुराचाच जुना फॉरमॅट लागतो. जीएसटीच्या पोर्टलला जेसन लागतं. १९९८ सालचं एक्सएमएल म्हणून नाक मुरडू नका, हिशेबाच्या कामात ते रोज भेटेल.

अ‍ॅप आणि वेबसाठी मी आजही जेसननेच सुरुवात करतो. रात्री सचिवांचा फोन आला, "ओ साहेब, बिल चुकलंय," तर लॉगमधली नोंद उघड्या डोळ्यांनी वाचता येते. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत भट्टीचं तापमान दर सेकंदाला येत असेल आणि दोन्ही टोकांचा कोड आपलाच असेल, तर मात्र मी प्रोटोबफ घेतो, आणि त्याची स्कीमा फाइल (कोणते रकाने, कोणते नंबर याची यादी) दोन्ही प्रोजेक्टना एकाच रेपोतून (कोडच्या सामायिक साठ्यातून) देतो.