गावची शाळा वाढवताय? मग या चुका टाळा

बीड जिल्ह्यातल्या कोरडवाहू माळावरच्या एका गावशाळेच्या समितीत मी काही वर्षं काढली. पत्र्याच्या दोन खोल्यांपासून सातवीपर्यंत मजल गेली. खालच्या बहुतेक चुका आम्ही स्वतः केल्यात, काही तर दोनदा.

जूनमध्ये वर्गणी मागणे

शाळा जूनमध्ये उघडते म्हणून पैसेही तेव्हाच मागायचे, हे नोकरदारांच्या गावात ठीक. आमच्याकडे जूनमध्ये होतं नव्हतं ते बियाणं-खतात गेलेलं असतं, वर कृषी सेवा केंद्राची उधारी. अशा वेळी निरोप धाडला की बाप ‘पैसे नाहीत’ सांगायला येत नाही, पोरालाच घरी ठेवतो. हे कळायला आम्हाला दोन पावसाळे लागले. सोयाबीन विकल्यावर किंवा कापसाची पहिली वेचणी झाल्यावर मागा. ज्वारी-बाजरी दिली तरी घ्या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडात घराघरातून मूठमूठ धान्यच जमायचं. फक्त पायलीपायलीची नोंद ठेवा आणि ती वही पारावर सगळ्यांसमोर वाचा.

ऊसतोडीला गेलेल्या मुलांची नावं कमी करणे

आमची सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. दसरा झाला की बिऱ्हाडं निघतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, त्यामुळे कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, थांबू शकत नाही. मागे सांभाळणारं कोणी नसेल तर पोरंही उसाच्या फडावर. हजेरीपटावर चार-पाच महिने रिकामे रकाने, आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला तीच पोरं दारात उभी: हातांवर पाचटाचे ओरखडे, जोडाक्षरं विसरलेली. आम्ही त्यांना खालच्या वर्गात बसवलं. थोरल्या मुली धाकट्या भावाशेजारी बसायला लाजल्या आणि चार दिवसांत यायच्या बंद झाल्या. खरं तर २००९ चा शिक्षण हक्क कायदा वयानुरूप वर्गात बसवायला आणि जादा शिकवणी द्यायला सांगतो.

यादी गणपतीतच करा: कोण जाणार, कुठल्या कारखान्याला, मागे कोण राहणार. आईबाप तोडीला असताना मागे राहिलेल्या पोरांची सोय करणाऱ्या हंगामी वसतिगृहासाठीही हीच यादी लागते. ‘आजी आहे, पण तिला चुलीपुढे बसवत नाही’ असं ज्या घरी ऐकाल, तिथे दोन वेळच्या भाकरीची सोय झाली तर पोर गावात राहतं. आणि हो, कायद्याने व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. त्या महिला फडावर असताना डिसेंबरात बैठक लावून गणपूर्ती नाही म्हणून कुरकुरू नका.

तोंडी दानावर भिंती बांधणे

‘घ्या गुरुजी, शाळेचंच समजा,’ म्हणत एका म्हाताऱ्यांनी बांधालगतचा तुकडा दिला. आम्ही नारळ फोडला, तीन खोल्या उभ्या केल्या. म्हातारे गेले आणि धाकटा मुलगा मोजणीवाल्याला घेऊन आला. सातबारा त्याच्या बापाच्याच नावावर होता, आम्ही काय बोलणार? नोंदणीकृत बक्षीसपत्र, मोजणी, फेरफार म्हणजे सातबाऱ्यावरचा नावबदल, सगळं पाया खणायच्या आधी. शेतजमीन संस्थेच्या नावे करताना, शेतकरी नसलेल्याला ती घ्यायला अडवणारा कूळकायदा आडवा येतो, तेव्हा वकिलाची फी वाचवू नका.

अनुदानाच्या आशेवर वर्ग वाढवणे

पाचवीची पोरं पुढे गेली की गाव म्हणतं, सहावी काढा. पण सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, भाषा आणि समाजशास्त्र यांना वेगवेगळे शिक्षक लागतात. दोघा गुरुजींनी सगळं उरकायचे दिवस तिथे संपतात. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याखाली परवानगी घेतली असेल तर अनुदान मिळत नाही, हे शिक्षकाला पहिल्याच दिवशी लेखी सांगा. ‘आज ना उद्या होईल’ या एका वाक्यावर डीएड झालेली पोरं लग्नं लांबवत बसलेली मी पाहिली आहेत. दोन वर्षांचे पगार बँकेत नसतील तर गावाला सरळ नाही म्हणा. त्यापेक्षा तीन किलोमीटरवरच्या शाळेत पोरं पोचवायला एक जीप लावलेली परवडते.

किरकोळ चूक म्हणजे उघडा पत्रा. पावसाची सर आली की गुरुजींचा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नाही. आम्ही आतून कडब्याच्या पेंढ्या बांधल्या. आवाज कमी झाला, उंदीर झाले. मग पेंढ्या काढल्या आणि पाऊस लागला की चित्रकलेच्या वह्या वाटायला लागलो.