घोड्याची ब्लड टेस्ट करताय? या चुका टाळा

घोड्याने चारा सोडला की लगेच रक्त काढायची घाई होते. रक्त तपासायलाच हवं, पण बराचसा घोळ लॅबमध्ये पोचायच्या आधीच होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घोडा नुकताच पळून आलाय किंवा वरातीच्या बँडला बिचकून आलाय, आणि चार जणांनी दाबून धरून सुई मारली. घोड्याच्या प्लीहेत लाल पेशींचा मोठा साठा असतो, घाबरला किंवा धावला की प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात येतो, मग आरामात असताना ४० असणारा पीसीव्ही (रक्तात लाल पेशी किती टक्के, तो आकडा) पार ६० पर्यंत जातो. म्हणजे अशक्त जनावर कागदावर ठणठणीत! म्हणून रक्त सकाळी, कामाला काढायच्या आधी, तबेल्यात शांत असताना घ्या आणि त्याचा नेहमीचा सईस शेजारी उभा करा.

जांभळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरा, अर्धवट भरली तर आतल्या ईडीटीएचं (रक्ताची गुठळी होऊ न देणारं रसायन) प्रमाण जास्त होऊन पेशी आकसतात, पीसीव्ही खोटाच कमी येतो. जोरात हलवू नका. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवरून परळला, इतकं जवळ जायचं असलं तरी मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये सॅम्पल तापतं, आइसबॉक्स न्याच, फक्त ट्यूब बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलं की पेशी फुटतात.

नाक्यावरच्या माणसांच्या लॅबमध्ये तर देऊच नका प्लीज, तिथे नॉर्मल रेंज माणसाची छापलेली असते. निरोगी घोड्याचा प्लाझ्मासुद्धा पिवळसर असतो आणि एक-दोन दिवस उपाशी राहिला तरी बिलिरुबिन वाढतं, लोक कावीळ समजून लिव्हरची औषधं सुरू करतात. आधी जीजीटी, बाइल ॲसिड या लिव्हरच्या टेस्ट बघायला सांगा.

स्नायू आखडले असतील तर वेळ लिहून ठेवा. दुखावलेल्या स्नायूंतून रक्तात येणाऱ्या दोन एन्झाइमपैकी सीके काही तासांत चढून पटकन उतरतं, एएसटी मात्र बरेच दिवस वर राहतं, त्यामुळे दोन्ही एकत्र बघितल्याशिवाय दुखणं आजचं की गेल्या आठवड्याचं ते कळत नाही.

आणि सर्रा, रक्तातल्या परजीवीचा आजार! पावसाळ्यात चावऱ्या माश्या वाढल्या की याची भीती असतेच. एक स्मिअर (काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली केलेली तपासणी) निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं अजिबात नाही, परजीवी रक्तात कधी दिसतात कधी नाही. ताप चढलेला असताना, औषध द्यायच्या आधी सॅम्पल घ्या, आणि तरीही संशय असेल तर व्हेटला पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या टेस्टबद्दल विचारा.