कामाच्या जागी कोविड: आधी हवा तपासा, मग लेखी मागणी करा

कोविडचं नाव निघालं की बऱ्याच कारखान्यांत गेटवर सॅनिटायझरची बाटली येते, कपाळावर थर्मल गन रोखली जाते आणि काळजी घेतली असं सगळे समजतात. देखावा चांगला, उपयोग थोडा. ताप चढायच्या आधीच माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो, मग गन काय पकडणार? हा विषाणू मुख्यतः श्वासातून आणि बोलण्यातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांवाटे पसरतो. मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण सूक्ष्म कण हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, हे केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्येच सांगितलं होतं. २०२५ च्या मे-जूनमध्ये महाराष्ट्रात रुग्ण पुन्हा वाढले, म्हणजे हा विषय जुना झालेला नाही. मागायच्या गोष्टी तीन: हवा, मास्क आणि पगारी रजा.

१. हवा कुठे कोंडते ते शोधा

सुरुवात मशीनपासून करू नका. उंच छपराची, वर व्हेंटिलेटर असलेली शेड अनेकदा बरी असते. खरी अडचण असते ती लॉकर रूम, कँटीन, एसी लावलेला पॅकिंग विभाग, टाइम ऑफिस आणि कंपनीची बस इथे. पाळी बदलताना लॉकर रूममध्ये दोन पाळ्यांची माणसं एकाच वेळी असतात, आणि कँटीनमध्ये तर मास्क काढूनच डबा खायचा असतो.

साधी चाचणी अगरबत्तीची. पेटवून खोलीच्या मध्ये धरा (जिथे सॉल्व्हंट, रंग किंवा गॅस असेल तिथे अजिबात नको). धूर खिडकीकडे किंवा एक्झॉस्टकडे ओढला गेला तर हवा खेळते आहे. तिथेच घुटमळत राहिला तर तुमचा श्वासही तिथेच घुटमळतो.

पुढची पायरी कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या छोट्या यंत्राची. चार-पाच जणांनी वर्गणी काढून एक घेतलं तरी पुरतं. फक्त त्यात इन्फ्रारेड सेन्सर आहे ना, ते बघून घ्या. मोकळ्या हवेत आकडा साधारण ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास असतो. खोलीत तो ८०० च्या खाली राहिला तर ठीक. दीड हजारावर गेला तर एकमेकांनी सोडलेली हवाच सगळे पुन्हा ओढत आहेत. भट्टी, गॅसची शेगडी किंवा डिझेल फोर्कलिफ्ट जवळ असेल तर हा आकडा फसवा, कारण तो वायू ज्वलनातूनही निघतो. तारीख, वेळ, पाळी, खोलीत किती माणसं आणि आकडा, एवढं वहीत लिहा. आठवडाभराची ही वही म्हणजे तुमचा पुरावा.

२. नेमकं काय मागायचं

भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, ताजी हवा आत घेत नाही. त्यामुळे ‘आमच्याकडे एसी आहे’ हे हवेच्या प्रश्नाला उत्तर नव्हे. एक्झॉस्ट पंखा मागा, आणि त्याच्या समोरच्या बाजूची खिडकी किंवा झडप उघडी ठेवायला सांगा. सगळं बंद करून एक्झॉस्ट चालवला तर तो नुसता आवाज करतो. जिथे खिडकी काढताच येत नाही तिथे खोलीच्या आकाराला पुरेल असा हेपा फिल्टरचा (सूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचा) एअर प्युरिफायर. जेवणाची सुट्टी दोन तुकड्यांत. बसच्या काचा उघड्या.

मास्क एन-९५ किंवा ‘आयएस ९४७३’ ही खूण असलेला एफएफपी-२, कंपनीच्या खर्चाने. व्हॉल्व्हचा नको, त्यातून सोडलेला श्वास न गाळताच बाहेर पडतो. नाकावरची पट्टी दाबून बसवा. चष्म्यावर वाफ येत असेल तर वरून गळती आहे.

३. रजा

मला विचाराल तर सगळ्यात मोठी पळवाट इथे आहे. खाडा पडला की रोज बुडतो, म्हणून माणूस गोळी घेऊन तापातच पाळीला येतो. त्याला बेजबाबदार म्हणून भागत नाही.

महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) लागू असते. सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. पण आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे पैसे सहसा मिळत नाहीत, आणि लक्षणं सुरू होण्याच्या आसपासचे दिवसच सर्वाधिक संसर्गाचे असतात! म्हणून कंपनीकडे नेमके हेच दोन दिवस भरपगारी मागा, ठेकेदाराच्या माणसांसह. कायम कामगाराला रजा आणि शेजारच्या ठेक्यावरच्या माणसाला खाडा, असं असेल तर त्या रजेचा कुणालाच उपयोग नाही.

दुकानं, हॉटेलं, ऑफिसं यांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे: वीस किंवा अधिक कामगार असतील (२०२५ च्या दुरुस्तीआधी ही अट दहाची होती) तर वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा.

४. अर्ज लिहा, पोच घ्या

जून-जुलै २०२० मध्ये औरंगाबादजवळच्या वाळूजमध्ये एका मोठ्या वाहन कारखान्यात शंभराहून अधिक कामगार बाधित निघाले, तेव्हा युनियनने कारखाना काही दिवस बंद ठेवण्याची मागणी केली होती. मागणी रास्त असली तरी ‘बंद करा’ म्हटलं की व्यवस्थापन उत्पादनाचे आकडे पुढे करतं. ‘लॉकर रूमला दोन एक्झॉस्ट बसवा’ याला नाही म्हणताना मात्र कारण द्यावं लागतं. अर्ज असा:

*‘पहिल्या पाळीच्या शेवटी लॉकर रूममध्ये साठ माणसं असताना कार्बन डायऑक्साइड १९०० पर्यंत जातो (नोंदी सोबत). तिथे दोन एक्झॉस्ट पंखे पंधरा दिवसांत बसवावेत. तोपर्यंत दोन पाळ्यांत पंधरा मिनिटांचं अंतर ठेवावं. ताप-खोकला असलेल्यांना, ठेकेदाराच्या कामगारांसह, पहिले दोन दिवस पगारी रजा द्यावी.’*

सही एकट्याची नको. जितक्या विभागांतून मिळतील तितक्या घ्या. दोन प्रती काढा, आवक कक्षात एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती जपा. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ याला नंतर कुणी विचारत नाही.

सुरक्षा समिती असेल तर अर्ज तिच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावा आणि इतिवृत्ताची प्रत मागा. समितीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सुरक्षेची माहिती मागण्याचा, अपुऱ्या व्यवस्थेबद्दल मालकाकडे म्हणणं मांडण्याचा आणि समाधान न झाल्यास निरीक्षकाकडे जाण्याचा हक्क कामगाराला आहे.

५. उत्तर आलं नाही तर

मुदत संपली की एक स्मरणपत्र, आणि मग कारखान्यांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं जिल्हा कार्यालय, दुकान-ऑफिसांसाठी कामगार आयुक्तांचं कार्यालय. तक्रारीला वहीतल्या नोंदी, शिक्क्याची प्रत आणि स्मरणपत्र जोडा. नावं गुप्त ठेवावीत असं तक्रारीतच लिहा. युनियन असेल तर तक्रार तिच्या लेटरहेडवर जाऊ द्या, म्हणजे बोट एकट्या माणसाकडे जाणार नाही. निरीक्षक येतील तेव्हा एका वेळेचा आग्रह धरा: पाळी बदलतानाची. सकाळी अकराला लॉकर रूम रिकामीच असते.